गोठ्यातलं रेडकू आणि ब्राझीलचं कुरण

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की म्हशीचा कायदा बदलतो. निपाणीच्या बाजूला दावणीला असलेली म्हैस किंवा रेडा १३ वर्षांच्या आतला असेल, तर कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्यात तो गाय-बैलाच्या रांगेतच बसतो. त्याची कत्तल करता येत नाही आणि कत्तलीसाठी राज्याबाहेरही नेता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड. कागलच्या बाजूला महाराष्ट्राचा कायदा. तिथं २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूलाही बंदी आहे, पण म्हैसवर्गाला सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यावर वाट मोकळी आहे. जनावर तेच, वैरण तीच, मालकाची भाषाही बहुतेक तीच.

(भाषेवरून आठवलं. कन्नडमध्ये रेड्याला ‘कोण’ म्हणतात. त्यामुळे सीमेवरच्या बाजारात ‘हा कोण?’ या प्रश्नाला ‘हो, कोणच’ हे उत्तर अगदी बरोबर असतं.)

सुरुवात कायद्यापासून केली, कारण ‘रेडे पाळा, परदेशात मांस जातं, लाखात कमवा’ असले व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरत असतात. परदेशात मांस जातं हे खरंच आहे. गोवंशीय आणि म्हैसवर्गीय मांस एकत्र धरलं तर ब्राझील, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, अर्जेंटिना यांच्याबरोबर भारत पहिल्या पाचांत असतो. पण बाकीचे चौघं मांसासाठी जनावर वाढवतात आणि आपण दुधासाठी. आपलं मांस म्हणजे दुधाच्या धंद्याचा उरलेला माल आहे. हा फरक डोक्यात ठेवला नाही तर तिकडचं गणित इकडे लावताना माणूस फसतो.

तिकडचं गणित आधी बघू. त्यातही ब्राझील, कारण तिथल्या कुरणातलं जनावर आपलंच आहे.

ब्राझीलमध्ये २३ कोटींच्या वर गुरं आहेत आणि त्यातली फार मोठी संख्या वशिंडाची, म्हणजे भारतीय रक्ताची. तिथली मुख्य जात नेलोर; ती म्हणजे आंध्रची ओंगोल. गीर तिकडे गेली, आपली कांक्रेज तिकडे ‘गुझेरा’ झाली. अमेरिकेत तयार झालेल्या ब्राह्मन जातीत तर गीर, कांक्रेज, ओंगोल यांच्याबरोबर चौथं नाव कृष्णा खोऱ्याचं आहे. सांगली, बेळगाव, विजापूरच्या काळ्या चिकट रानात नांगर ओढायला तयार केलेली ही कृष्णाकाठची जात. आज अथणी-चिकोडीकडं तिचा अस्सल बैल शोधायला फिरावं लागतं. आणि तिच्या रक्ताचा अंश असलेलं ब्राह्मन ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला हजारो एकरांवर चरतं.

ब्राझीलची पद्धत स्वस्तात स्वस्त जनावर वाढवायची. आफ्रिकेतून आलेलं ब्रॅकिएरिया गवत, त्यावर हेक्टरी सरासरी एकच्या आसपास जनावर. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल. तेवढे महिने जनावर भरतं आणि कोरड्या महिन्यांत मिळवलेलं घालवतं. याला तिकडे ‘अकॉर्डियन बैल’ म्हणतात, भाता फुगतो आणि मिटतो तसा. अशानं जनावर तयार व्हायला साडेतीन-चार वर्षं जातात. त्यावरचा उपाय म्हणजे कोरड्या दिवसांत प्रथिनयुक्त मीठ. मीठ, युरिया, खनिजं आणि थोडी पेंड यांचं मिश्रण वजनाच्या किलोमागं १ ते २ ग्रॅम. युरियातल्या नत्रामुळं पोटातले जंतू वाळलेलं गवतही पचवू लागतात आणि वजन घटायचं थांबतं. यात घात होतो तो अवकाळी पावसानं. गव्हाणीत पाणी साचतं, युरिया विरघळतो, जनावर ते पाणी पितं आणि तासाभरात आडवं होतं. म्हणून तिकडे मिठाच्या गव्हाणीवर छप्पर घालतात आणि तळाला भोकं पाडतात. आपल्याकडे युरिया-मळीची वीट उघड्यावर ठेवणाऱ्यांनी एवढं तरी घ्यावं.

शेवटचे ९० ते ११० दिवस गोठ्यात, मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर. पावणेचारशे-चारशे किलोचं जनावर सव्वापाचशेपर्यंत नेतात. विक्री आरोबावर होते. एक आरोबा म्हणजे १५ किलो सोललेलं धड, जिवंत वजन नव्हे. ५३० किलोचं जनावर, ५५ टक्के उतारा धरला तर साधारण २९१ किलो धड, म्हणजे १९ आरोबांच्या थोडं वर. शेतकऱ्याला पैसे काट्यावर मिळतात. आपल्या बाजारात अजून उपरण्याखाली बोटं धरून सौदा होतो आणि वजन व्यापाऱ्याच्या डोळ्यात असतं. सगळा नफा त्या डोळ्यात जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्राझीलचं पुढचं दुखणं गवताचं नाही, कागदाचं आहे. युरोपीय संघाचा नियम असा की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवर वाढलेल्या गुराचं मांस घेणार नाही. नियम लागू व्हायची तारीख पुढं ढकलली गेली, पण नियम गेलेला नाही. अडचण अशी की वासरू एका रानात जन्मतं, दुसऱ्यात वाढतं, तिसऱ्यात तयार होतं. कत्तलखान्याला शेवटचा मालक ठाऊक असतो, पहिला नसतो. जुना वाहतूक दाखला कळपाचा असतो, एकेका जनावराचा नव्हे. म्हणून आता प्रत्येक जनावराला स्वतंत्र बिल्ला द्यायची योजना आहे आणि मुदत २०३२ ची. शेजारच्या उरुग्वेनं हे काम २००६ लाच सक्तीचं केलं. तो देश लहान आहे, माणसांपेक्षा गुरं तिपटीनं जास्त, म्हणून जमलं. दुसरीकडे मे २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेनं ब्राझीलला लसीशिवाय लाळ्या-खुरकूतमुक्त म्हणून मान्यता दिली. महागड्या बाजारांची दारं त्यामुळं किलकिली होतात. हा मुद्दा पुढं आपल्याकडे वळणार आहे, तो लक्षात ठेवा.

अमेरिकेचा प्रश्न उलटा, तिथं जनावरंच कमी पडली आहेत. १ जानेवारी २०२५ ला एकूण गुरं ८ कोटी ६७ लाख, तोवरचा १९५१ नंतरचा नीचांक. सलग दुष्काळात गवत गेलं, मालकांनी गाया विकल्या. आता भाव चढलेत, तरी कळप लगेच वाढत नाही. कालवड विकायची नाही असं आज ठरवलं तरी ती १५ महिन्यांची झाल्यावर भरवायची, दोन वर्षांची झाल्यावर विणार, आणि तिचं वासरू तयार व्हायला आणखी दीड वर्ष. शिवाय राखून ठेवलेली कालवड बाजारातून कमी होते, म्हणजे कळप वाढवायला घेतला की आधी मांस आणखी घटतं. त्यात मेक्सिकोतून येणारी तरणी जनावरं नोव्हेंबर २०२४ मध्ये अडवली गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा. कारण स्क्रूवर्म माशी. ती जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात.

तिथली फीडलॉट पद्धत, म्हणजे जनावर बंदिस्त ठेवून दाण्यावर वाढवायची पद्धत, मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आपले लोक ती अर्धवट उचलतात. तीनशे-साडेतीनशे किलोचं जनावर आत येतं, दीडशेच्या आसपास दिवस राहतं, रोज दीड किलोच्या वर वाढतं आणि सहाशेच्या पुढं जाऊन बाहेर पडतं. खुराकात मका ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत. पण पहिल्या दिवशी नाही. तीन आठवड्यांत पायरी-पायरीनं वैरण कमी आणि दाणा जास्त करतात, कारण एकदम दाणा दिला तर पोटात आम्ल वाढतं, सामू (पीएच) ५.६ च्या खाली जातो आणि जनावर चारा सोडतं. आंबूस वासाचं पातळ शेण पडतं, पुढं खूर दुखतात, यकृतात गळवं होतात. आपल्याकडे हेच लग्नसराईत होतं. उरलेला भात पातेल्यानं म्हशीपुढं ओततात आणि सकाळी ती उठत नाही. दीडशे किलोच्या रेडकाला असं झालं तर १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात कालवून सावकाश पाजायचा, दाणा बंद करायचा, कोरडा कडबा पुढं टाकायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. तेल पाजत बसू नये.

ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये सुमारे १३.४ लाख टन मांस बाहेर पाठवलं, तो त्यांचा तेव्हाचा विक्रम. त्यांची ताकद कानात आहे. प्रत्येक जनावराच्या कानात रेडिओ बिल्ला असतो, २००५ पासून सक्तीचा, आणि जनावराचा मुक्काम बदलला की नोंद बदलते. २०२२ मध्ये इंडोनेशियात लाळ्या-खुरकूत शिरल्यावर बालीहून येणाऱ्या प्रवाशांना विमानतळावर जंतुनाशकाच्या पायपुसण्यांवरून चालवत होते. एवढी भीती. अर्जेंटिनाबद्दल एकच सांगतो: घरात मांस महाग झालं म्हणून मे २०२१ मध्ये सरकारनं निर्यातच महिनाभर थांबवली. परदेशी गिऱ्हाईक असल्या गोष्टी विसरत नाही.

आता आपलं.

भारतातून गाय-बैलाचं मांस निर्यात करायला बंदी आहे. जातं ते फक्त म्हशीचं, हाडं काढून, गोठवून, अपेडाकडे (केंद्र सरकारची शेतमाल-निर्यात संस्था) नोंदलेल्या कत्तलखान्यांतून. २०१४-१५ मध्ये हा आकडा पावणेपंधरा लाख टनांपर्यंत गेला होता. अलीकडे बारा-तेरा लाखांच्या घरात. गिऱ्हाईक व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशिया, आखाती देश. हे मांस गडद आणि कमी चरबीचं असतं, ते डबाबंद मालात, सॉसेजमध्ये, इंडोनेशियाच्या मांसगोळ्यांत जातं. म्हणजे आपण विकतो ते स्वस्त कच्चा माल म्हणून. ब्राझीलच्या भावाशी तुलना करताना हे सोडून देऊ नका.

हाडं का काढतात? आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे. धड २ अंशाच्या वरच्या तापमानात किमान २४ तास टांगून ठेवतात. तेवढ्या वेळात स्नायूतल्या साखरेचं आम्ल होतं, सामू ६ च्या खाली येतो आणि स्नायूतला विषाणू मरतो. हाडाच्या मगजात आणि लसिकाग्रंथींत तेवढं आम्ल होत नाही, म्हणून हाडं आणि ग्रंथी काढून टाकायच्या. आता यात मेख बघा. जनावर उपाशी, तहानलेलं, गाडीत दिवसभर उभं राहून आलं असेल तर स्नायूतली साखर आधीच संपलेली असते. मग आम्लही होत नाही, सामू खाली उतरत नाही, मांस काळपट आणि चिकट राहतं, आणि ते धड निर्यातीतून बाद होतं. म्हणजे वाहतुकीतला छळ हा दयेचा प्रश्न आहेच, पण पैशाचाही आहे.

या सगळ्या साखळीत रेडकू कुठं आहे? खरं सांगायचं तर बहुतेक रेडकं साखळीपर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत जातात, आणि जातात ती पोटाच्या कारणानं. म्हशीचं दूध महाग. बेळगावचा कुंदा आणि धारवाडचा पेढा दुधावरच उभे. मग नर रेडकू पान्हा सुटण्यापुरतं सडाला लावायचं आणि ओढून बांधायचं, हा शिरस्ता. मादी असली, रेडी, तर दोन घोट जास्त. रेडकू जगवायचं असेल, मग ते वळू म्हणून असो, औताला असो किंवा कायद्यात बसेल तिथं विकायला, तर काम पहिल्या दिवसाचं आहे.

जन्मतः वजन २८ ते ३५ किलो. नाळ दोन-तीन बोटं ठेवून कापायची आणि टिंक्चर आयोडीनच्या बाटलीत बुडवायची. वरून बोळा फिरवून भागत नाही. असं तीन दिवस, दिवसातून दोनदा. मग चीक. ‘जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ ही आपल्याकडची समजूत जितकी रेडकं मारते तितकी बिबट्यानं मारली नसतील. चिकातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांना आतड्यातून रक्तात जायला वाट असते ती पहिल्या २४ तासांत, आणि ती तासागणिक बंद होत जाते. पहिल्या एक-दोन तासांत पहिला चीक, आणि दिवसभरात वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे तीन लिटर, दोन-तीन वेळा मिळून. उलट रेडकू ओढू लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदतच होते.

दुसरा घाला गोल जंताचा. म्हशीच्या रेडकांचा हा खास रोग, आणि तो आईच्या दुधातूनच येतो. गोठा कितीही स्वच्छ असला तरी येतो. दोन-तीन आठवड्यांच्या रेडकाला मातकट-पांढरी, दुर्गंधी हगवण, पोट नगारा, अंगावरचे केस राठ आणि उभे, तोंडाला विचित्र आंबूस वास, हे दिसलं म्हणजे उशीर झालाय. दहाव्या ते पंधराव्या दिवशी पायपरॅझीनसारखं औषध वजनावर मोजून द्यायचं आणि महिन्यानं पुन्हा. मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. शेजाऱ्यानं अंदाजानं ओतलेलं औषध एकतर कमी पडतं किंवा जास्त होतं.

दूध पहिला महिना वजनाच्या दहावा हिस्सा, दुसऱ्यात पंधरावा, तिसऱ्यात विसावा. पंधराव्या दिवसापासून पुढ्यात थोडं वासरांचं खाद्य आणि कोवळा चारा. खाल्लं नाही तरी चाटू दे, पोटाचा कोठा त्यानंच वाढतो. अशानं तीन महिन्यांत रेडकू ६५-७० किलोला जातं. लाळ्या-खुरकूतची पहिली लस चौथ्या महिन्यात, महिन्यानं बूस्टर, पुढं दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याच्या तोंडाला.

त्यानंतर खुराक. शंभर किलो आंबोणाचं एक जमणारं प्रमाण: मक्याची भरड ४०, शेंगदाणा पेंड १५, सरकी पेंड १२, गव्हाचा कोंडा २०, तूरचुनी १०, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिन साधारण १७ टक्के पडतं. शेंगपेंडीला बुरशी दिसली, वास कुबट आला, तर ती टाकायची. अफ्लाटॉक्सिन उन्हात वाळवून जात नाही. मक्यापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढल्यावर बाजारात त्यांचा वाळवलेला चोथा येतोय, डीडीजीएस म्हणतात तो. प्रथिन २६-३० टक्के, भाव बरा. पण मक्यात असलेलं बुरशीचं विष चोथ्यात साधारण तिप्पट दाट होतं, म्हणून खुराकात १० टक्क्यांच्या वर जाऊ नये.

१५० किलोच्या रेडकाला दिवसाला दीड किलो आंबोण, १० किलो हिरवा मका किंवा हत्तीगवत, एक किलो कडबा. कोरड्या मापात हे सव्वाचार किलो होतं. वाढ रोजची ५०० ते ६०० ग्रॅम. आता पैसे घालून बघू. आंबोण २८ रुपये किलो, हिरवं अडीच, कडबा आठ, खनिज-मीठ जादाचे तीन रुपये असं धरलं (दर माझे गृहीत, आपापल्या गावचे घाला), तर दिवसाला ७८ रुपये. वाढ ५५० ग्रॅम. म्हणजे अंगावर चढलेला प्रत्येक किलो १४२ रुपयांना पडला, आणि यात मजुरी, औषध, मेलेल्या रेडकांचा खर्च धरलेला नाही. जिवंत वजनाला मिळणारा भाव याच्या वर नसेल तर प्रत्येक दिवस तोट्याचा आहे. व्हिडिओवाले इथंच कॅमेरा बंद करतात.

गाळप हंगामात उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा भाग) भरपूर. तोडकऱ्यांकडून पेंढीवर मिळतात, स्वस्त पडतात, म्हणून नोव्हेंबर ते मार्च बऱ्याच गोठ्यांत दुसरं काहीच नसतं. वाढ्यात प्रथिन कमी आणि ऑक्झॅलेट जास्त. ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, हाडाला मिळू देत नाही. हिरव्या चाऱ्यात निम्म्यापर्यंतच वाढे ठेवावेत आणि खनिज मिश्रण एक दिवसही चुकवू नये. नर रेडकात आणखी एक घोटाळा. खर्च वाचवायला कोंडा वाढवतात. कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. थंडीत पाणीही कमी पितात. मग मूत्रमार्गात खडे. रेडकू शेपूट झटकतं, पाठ वाकवून कुंथतं, लघवी थेंबथेंब, आणि लिंगाजवळच्या केसांना वाळूसारखे कण चिकटलेले दिसतात. ते कण दिसले की त्याच दिवशी डॉक्टर. मूत्राशय फुटल्यावर पोट उतरल्यासारखं वाटतं, मालकाला बरं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी रेडकू जातं. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं आणि हिवाळ्यात पाणी कोमट करून दोनदा पुढं न्यावं.

वजनकाटा नसला तरी टेप आहे. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, पुढच्या पायांच्या लगेच मागून. लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर १५०, लांबी १२० असेल तर २४९ किलो. म्हशीत पाच-दहा टक्के इकडं-तिकडं होतं, पण उपरण्याखालच्या बोटांपेक्षा बरं. दर पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटी एकाच माणसानं मोजावं.

आता पुन्हा त्या १३ वर्षांकडे. जनावराचं वय दातावरून सांगतात. म्हशीचे पहिले दोन कायमचे दात अडीच-तीन वर्षांत येतात, मग चार दाती, सहा दाती, आणि पाचच्या आसपास जुळते. जुळल्यावर पुढं फक्त झीज. उसाचं वाढं खाणारीची झीज वेगळी, रानात चरणारीची वेगळी. अकराची की चौदाची हे तोंड उघडून खात्रीनं सांगणं अवघड आहे. जन्माची नोंद असेल तरच वयाला अर्थ, आणि आपल्या गोठ्यांत ती किती जणांकडे आहे? शिवाय म्हैस साधारण दहा-बारा वर्षांत दुधातून उतरते. तिथून तेराव्यापर्यंत भाकड म्हशीला दिवसाला ८०-९० रुपयांची वैरण धरली तरी वर्षाला तीस हजारांच्या आसपास जातात. हा खर्च कायदा करणाऱ्यानं उचललेला नाही, दावणीच्या मालकानं उचललेला आहे. कायद्याच्या बाजूनं बोलायचं तर तो सगळ्यांना ठाऊक आहे आणि मोडायचा नाही. पण व्यवसायाचा आराखडा करताना हा खर्च वहीत आला पाहिजे. कर्नाटकाच्या हद्दीत मांसासाठी तरणा रेडा तयार करण्याचा धंदा कायद्यात बसत नाही. यावर कुणी ‘सेटिंग आहे’ म्हणाला तर त्याच्याकडून गोठ्यातलं शेणही उचलून घेऊ नये.

पुढं काय होईल याचं उत्तर अमेरिकेत आणि आपल्याकडे नेमकं उलट दिशेनं जातंय, आणि दोन्हीकडे हत्यार एकच आहे: लिंगनिर्धारित वीर्य, म्हणजे वासरू नर की मादी हे आधीच बहुतांशी ठरवणारं वीर्य. अमेरिकेतले दूधवाले चांगल्या गायींना हे वीर्य भरून हव्या तेवढ्या कालवडी घेतात आणि बाकीच्या गायींना अँगससारख्या मांसाच्या जातीचं साधं वीर्य भरतात. होल्स्टिन या दुधाळ जातीचं जे नर वासरू मातीमोल जायचं, त्याच्या जागी आता महाग संकरित वासरू मिळतं. आपल्याकडे मांसासाठी नर वाढवायची रीतच नाही, म्हणून नर जन्मालाच येऊ नये यासाठी ते वापरायचं. शंभरातली नव्वदच्या आसपास वासरं मादी. याचा अर्थ पुढं मागं रेडे कमी होतील, आणि आपल्या निर्यातीचा माल आणखीच म्हाताऱ्या म्हशींवर येईल. राहिला प्रश्न रोगाचा. २०१९ पासून लाळ्या-खुरकूतची देशव्यापी लसमोहीम सुरू आहे आणि त्याबरोबर बारा आकडी पिवळा बिल्ला कानात येतो. ब्राझील ज्या दारातून गेला त्या दाराची ही पहिली पायरी. पण आपला बिल्ला रेडिओचा नाही, डोळ्यांनी वाचायचा आहे. शेणानं माखला की आकडे दिसत नाहीत, झुडपात अडकला की कान फाटतो. कानाच्या मध्यभागी, दोन शिरांच्या मधोमध टोचून घ्यावा, कडेला नव्हे. टोचताना रक्ताचा मोठा थेंब आला तर जागा चुकली.

लिंगनिर्धारित वीर्याची कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) वापरणाऱ्यांसाठी एवढं. नेहमीच्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात, या कांडीत २० ते ४० लाख, आणि यंत्रातून गेल्यामुळं ते थकलेले. म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं, हे गृहीत धरा. माज नियमित येणाऱ्या, गर्भाशय स्वच्छ असलेल्या पहिल्या-दुसऱ्या वेताच्या म्हशीलाच वापरा, चार वेळा उलटलेलीला नाही. म्हशीचा माज मुका असतो, पहाटे आणि रात्री उशिरा बघावा लागतो. सोट (माजातला चिकट स्राव) कमी, पण ती वारंवार थोडं-थोडं मुतते. माज दिसल्यावर नेहमी बारा तासांनी भरवत असाल तर इथं सोळा ते वीस तासांपर्यंत थांबा, कारण हे शुक्राणू कमी वेळ जगतात. कांडी ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद. डॉक्टर पिशवीतून थर्मामीटर काढत नसतील, बादलीत बोट बुडवून ‘बरोबर आहे’ म्हणत असतील, तर घरातला तापाचा थर्मामीटर आणून पाण्यात घाला.